चौऱ्याण्णव मार्कांची भिंत

आमच्या ह्यांना घेऊन कुणाकडे जायचं म्हटलं की मी दहादा विचार करते. लोक बिचारे बसा म्हणतात, पाणी आणायला आत जातात, आणि हे बसायच्या आधी त्यांच्या भिंतीवरून हात फिरवायला लागतात. नुसता हात फिरवून थांबतील तर शपथ! बोटाच्या पेराने टकटक करतात, कान लावतात, आणि वर विचारतात, "हिच्या आत कधी पाणी शिरलं होतं का हो?" एकदा डॉक्टरांकडे गेलो होतो. डॉक्टर ह्यांची छाती तपासत होते आणि हे डॉक्टरांची भिंत. "तुमच्या रंगाऱ्याने तुम्हाला फसवलंय," म्हणाले, "लांबीची पुट्टी वाळायच्या आधीच वरून रंगाचा हात मारलाय. वर्षभरात पोपडे येतील." डॉक्टरांनी औषध लिहायचं सोडलं आणि तिथल्या तिथे फोन लावून त्या रंगाऱ्याला झाप झाप झापलं. मला तर तोंड कुठे लपवावं कळेना.

हे रंगारी. चाळीस वर्षं एका कंत्राटदाराकडे होते. हॉस्पिटलं, शाळा, कचेऱ्या, अर्ध्या शहराच्या भिंतींवरून ह्यांचा हात फिरलाय. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी शिडीला नकार दिला, तेव्हापासून लहानसहान कामं करतात. हाताला अजून तशीच सफाई आहे. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथली रेघ हे पट्टी न चिकटवता, नुसत्या ब्रशने ओढतात, आणि त्या वेळी श्वास रोखून धरतात. मीही रोखते, उगाच. स्वभाव म्हणाल तर चौकस. मी रागात असले की भोचक म्हणते.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सव्वीस वर्षं झाली भाड्याने. ह्यांनी ते अकरा वेळा रंगवलं, आणि दर वेळी लाकडी कपाटाच्या मागे आधीच्या रंगाची बोटभर पट्टी तशीच ठेवली. सगळे रंगारी असं करतात का मला माहीत नाही, हे करतात. त्यामुळे कपाट जरा पुढे ओढलं की मागे आमचा सगळा संसार एका रांगेत उभा. पहिली हिरवी, आम्ही आलो तेव्हाची. मग पिवळी, मुलगी झाली तेव्हाची. एक भयानक जांभळी आहे. तिच्याबद्दल मी ह्यांना अजून माफ केलेलं नाही.

पूर्वी आमची एक मालकीणबाई होती. समोरच्या औषधाच्या दुकानाच्या वर राहायची. वर्षातून एकदा काठी टेकत तिन्ही मजले चढायची, प्रत्येक घरात जायची, भिंती बघायची, मोरी बघायची, चहा घ्यायची. घर आवडलं तर म्हणायची, "राखलंय तुम्ही. राहा." झाला करार. मग दोन दोन वर्षं भाड्याचं नाव काढायची नाही. आणि कुणी घराची दुर्दशा केलेली दिसली की उठता उठता भाडं वाढवून जायची. तळमजल्यावरच्या घड्याळवाल्या भाऊंचं तिने सात वेळा वाढवलं. त्यांच्या घरात ओल, जाळी, मोडकी घड्याळं आणि बारा महिने एक कुबट वास. भाऊ म्हणायचे, "मला काही फरक पडत नाही." पडत होता, पण माणूस आळशी.

म्हणजे आमच्या सगळ्या इमारतीच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली. घर चांगलं ठेवा, मालक खूश, तुम्ही सुखात. हे लक्षात ठेवा, कारण ह्याच गोष्टीने आमचा घात केला.

मालकीणबाई गेली. भाच्यांनी इमारत विकली. एक गुळगुळीत पत्र आलं, त्यात कंपनीचं नाव. चार महिन्यांनी दुसरं पत्र, दुसरं नाव. भाडं आता फोनवरून भरायचं. नळ गळत असेल तर एक नंबर लावायचा, मग एक दाबा, दोन दाबा, मग गाणं ऐका. मी त्या गाण्याच्या तालावर हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालायला लागले. तिथल्या धुलाईखात्यात आहे ना मी. पण ह्यांना एकच प्रश्न पडला होता.

"पण मालक कोण?"

"कंपनी."

"कंपनी म्हणजे कोण? भिंती कुणाच्या आहेत? ज्याच्या भिंती मी सव्वीस वर्षं रंगवतोय त्याचं तोंड तरी बघायला नको?"

"त्याचं तोंड बघून काय त्याची आरती ओवाळायचीय?"

पण चैन पडेल तर हे कसले! पत्रावरचा पत्ता घेतला, मला सुट्टीच्या दिवशी बरोबर ओढलं, आणि आम्ही निघालो मालक बघायला. भलीमोठी काचेची इमारत. सातव्या मजल्यावर एकच दार आणि दाराशेजारी पितळी पाट्या. मी चाळीस मोजल्या. चाळीस कंपन्या, एक दार. आत एक कुंडी आणि एक मुलगी. ह्यांनी आत शिरताच भिंतीवर हात ठेवला आणि माझ्या कानात म्हणाले, "एकच हात मारलाय." मी कोपर मारलं.

"मालकांना भेटायचंय," हे म्हणाले.

"कुठल्या मालकांना?"

ह्यांनी पत्र दाखवलं. मुलगी चांगली होती हो. हसली नाही. म्हणाली, "काका, असा मालक कुणी नाही. हा फंड आहे."

"बरं. फंड राहतो कुठे?"

"फंड राहत नाही काका. खूप लोक त्यात थोडे थोडे पैसे घालतात. त्या पैशातून घरं घेतात. भाडं आलं, घराचा भाव वाढला, की त्या सगळ्यांना थोडा थोडा फायदा."

"आणि ते लोक आमची इमारत बघून गेले?"

"त्यांना माहीतही नसेल की तुमची इमारत आहे. बरेचसे पेन्शनचे पैसे असतात. शिक्षकांचे, नर्सांचे, कामगारांचे. तुमचेही असतील, सांगता येत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मीसुद्धा भाड्यानेच राहते, काका. माझाही मालक असाच कुठलातरी आहे."

 घरी आल्याबरोबर ह्यांनी पलंगाखालची पेटी ओढली. कंत्राटदार दर महिन्याला ह्यांच्या पगारातून निवृत्तीचे म्हणून काही कापायचा. त्याचा दर वर्षी एक जाडजूड कागद येतो, तो आम्ही आजवर कधी उघडला नव्हता. ह्यांनी चष्मा लावला, त्यावर माझा चष्मा भिंगासारखा धरला, आणि मुंगीएवढ्या अक्षरांतून बोट फिरवत गेले. मी पोळ्या सोडून बघत बसले. सातव्या पानावर बोट थांबलं.

"अगं!"

"काय?"

"हाच फंड. हेच नाव. आपले पैसे ह्यात आहेत!"

"म्हणजे काय झालं?"

"म्हणजे काय झालं काय? म्हणजे मालक आपण आहोत!" उठून उभेच राहिले. "सगळी इमारत नाही म्हणा. पण थोडीशी. एक वीट. अर्धी वीट. एखादी बोटभर भिंत तरी आपली असणार की नाही?"

त्या संध्याकाळी हे स्वयंपाकघरातल्या भिंतीला टेकून चहा प्यायले, मालकासारखे. मी म्हटलं, "मालक, कप विसळा." विसळला. इतके खुशीत होते.

पुढच्याच महिन्यात नोटीस आली की प्रत्येक घराची तपासणी होणार, फोटो काढणार, आणि त्यावरून 'घराची श्रेणी' ठरणार. श्रेणी म्हणजे काय ते कुणाला कळलं नाही, पण तपासणी म्हणजे काय ते आम्हाला सव्वीस वर्षांपासून माहीत होतं. मालकीणबाई यायची तशीच कुणीतरी येणार. घर राखलेलं दिसलं पाहिजे.

मग काय विचारता! ह्यांच्या अंगात आलं. गुडघे, शिडी, सगळं विसरले. "मालकानेच मालकाचं घर नीट ठेवायला नको?" म्हणे. दहा दिवस आम्ही सगळं सामान मधोमध ढकलून त्यावर जुन्या चादरी घालून राहिलो. जुना रंग खरवडला, तडे भरले, लांबी भरली, घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. धुळीने माझे केस पांढरे झाले, म्हणजे होते त्याहून. मग अस्तर, मग रंगाचे दोन हात. बाहेरच्या खोलीला सायीसारखा पांढरा, आणि स्वयंपाकघराला एक फिकट पिवळा, जो ह्यांनी चार डब्यांतून स्वतः मिसळून काढला. सकाळचं ऊन त्यावर पडलं की खोलीत दिवा लावल्यासारखं वाटायचं. सव्वीस वर्षांत मी ह्यांचं एवढं चांगलं काम बघितलं नव्हतं, आणि तसं मी म्हणालेसुद्धा. एरवी मी फारसं म्हणत नाही.

ते बघून वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आमचंही करून द्या. शेजारचा बसड्रायव्हर म्हणाला, बाबा अंथरुणाला खिळलेत, त्यांना जरा बरं वाटेल, आमचंही करा. ह्यांनी दोन्ही घरं नुसत्या रंगाच्या खर्चात करून दिली. घड्याळवाल्या भाऊंना विचारलं, तर ते म्हणाले, "मला काही फरक पडत नाही."

तपासणीला एक बाई आली. चाळिशीची, गुडघ्याला पट्टा बांधलेली, हातात टॅब. ह्यांनी तिला खुर्ची दिली. गुडघेदुखीवाली माणसं एकमेकांना लगेच ओळखतात. तिने चारी कोपऱ्यांतून फोटो काढले, खिडकीतून उजेड किती येतो ते मोजलं, आणि निघताना म्हणाली, "एवढं सुंदर घर ह्या भागात मी बघितलं नाही. कुणी रंगवलं?"

"मीच," हे म्हणाले, आणि लाजले. साठीचा माणूस, लाजला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. फोटो बघून मशीनने ठरवलेली आमची श्रेणी 'उत्तम'. नव्या करारापासून भाडं अठ्ठावन्न टक्क्यांनी जास्त. परवडत नसेल तर साठ दिवसांत घर रिकामं करावं. कळावे.

मी ते तीनदा वाचलं. माझा पगार आणि ह्यांची पेन्शन मिळून भाडं जेमतेम निघालं असतं. खायचं काय, हवा? आणि ह्या भागात ह्याहून स्वस्त घर उरलंच नव्हतं. शहराच्या टोकाला गेलो तर माझ्या पहाटेच्या पाळीला बस नाही, म्हणजे नोकरीही गेली. सव्वीस वर्षांचं घर आणि माझी नोकरी, दोन्ही त्या एका कागदाच्या घडीत.

शाळेतल्या बाईंना पत्र, उत्तम. ड्रायव्हरला पत्र, उत्तम. घड्याळवाल्या भाऊंना, 'निकृष्ट', चार टक्के वाढ. भाऊ जिन्यात उभे राहून पोट धरून हसत होते. ड्रायव्हर मात्र थेट आमच्या दारात आला. "तुमच्या रंगाने आम्हाला बुडवलं, काका! बाबांना उचलून मी कुठे नेऊ? जिना उतरवतानाच ते जातील!" एरवी मी कुणाला असं बोलून जाऊ देत नाही. त्या दिवशी मान खाली घालून ऐकून घेतलं.

आणि आमचे हे? मला वाटलं खचतील. ते म्हणाले, "पण मशीनला कळलं कसं की काम चांगलंय?"

मी कपाळावर हात मारला. "घर चाललंय आणि तुम्हाला हे सुचतंय?"

"नाही गं, पण कळलं कसं?"

गेले परत सातव्या मजल्यावर. ह्या वेळी एकटे. त्याच मुलीने स्क्रीन फिरवून दाखवली. फोटो मशीनमध्ये जातात, मशीन त्याला मार्क देतं. उजेडाला वेगळे, फरशीला वेगळे, भिंतींना वेगळे. फरशीला पंचावन्न. उजेडाला साठ. भिंतींना चौऱ्याण्णव. सगळ्या शहरात भिंतींना एवढे मार्क त्या फंडाच्या कुठल्याही घराला पडले नव्हते.

हे घरी आले ते चपला न काढता मोरीजवळ उभे राहिले. "चौऱ्याण्णव," म्हणाले. चेहरा असा, की हसावं की रडावं ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. "चाळीस वर्षांत मला कुणी मार्क दिले नव्हते."

"मग फ्रेम करा आणि रस्त्यावर टांगा! आपणही तिथेच असू!" मी ओरडले. नंतर फार वाईट वाटलं.

त्या मुलीने आणखी एक कागद दिला होता. एका महिन्याच्या आत फेरतपासणी मागता येते. त्यासाठी कारणं दिलेली. भिंतीला ओल, तडे, पोपडे, बुरशी. हे ती यादी वाचत होते, आणि घड्याळवाले भाऊ आमच्या दारात टेकून उभे होते. भाऊ म्हणाले, "अहो, माझ्याकडे सगळं आहे ह्यातलं. तुम्हाला नाही का ते तुमच्या भिंतीवर रंगवता येणार?"

ज्या माणसाने आयुष्यभर ओल घालवली त्याला कुणीतरी सांगतंय, ओल रंगव. हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या बाबांच्या खोकल्याचा आवाज भिंतीतून आला. हे उठले, बॅटरी घेतली आणि तळमजल्यावर गेले.

तासाने मी बघायला गेले, तर हे घड्याळवाल्याच्या मोरीशेजारी गुडघे टेकून बसलेले, नाक भिंतीला लावून. "बघ," मला म्हणाले, "ओल खालून वर चढते. पण सरळ रेघेत नाही. जिथे वीट, तिथे भरभर चढते, जिथे सिमेंट, तिथे अडते. आणि जिथे थांबते तिथे कडेला मिठाची पांढरी झालर सोडते. चाळीस वर्षं मी हिला पुसत आलो, हिच्याकडे कधी नीट बघितलंच नाही." मला राग यावा की कौतुक वाटावं कळेना. घर जायची वेळ आलीय, आणि ह्या माणसाला ओलीचं अप्रूप.

ड्रायव्हरचं घर आधी केलं. चहाचं पाणी उकळून गडद केलं, त्यात मातकट रंग चिमूटभर, फडक्याने खालून वर टिपत नेलं. वरच्या कडेला मीठ. मग रंग खरवडायच्या पत्तीने इथे तिथे पोपडा उचलला. ड्रायव्हरची बायको कामावरून आली आणि भिंत बघून रडायलाच लागली, "अगंबाई, आता हे आणि कुठून आलं!" तिला समजावताना आमची पुरेवाट झाली. पण हसलो सगळे, कितीतरी दिवसांनी.

शाळेतल्या बाई मात्र नाही म्हणाल्या. ह्यांना आत बोलावलं, चहा दिला, आणि म्हणाल्या, "वर्गात कुणी खोटं लिहिलं तर मी त्याला उभं करते. मला नाही हो जमणार. आणि तुमचा रंग तुमच्याच हाताने बिघडवायला मी तुम्हाला कशी सांगू?" महिन्याच्या शेवटी त्या गेल्या, बहिणीकडे, दोन पिशव्या आणि एक टेबल घेऊन. आठ दिवसांत त्यांच्या घराची जाहिरात फोनवर आली. फोटोत ह्यांची भिंत, खाली लिहिलेलं, 'नव्याने सजवलेले, उजळ घर'. भाडं आमच्या नव्या भाड्याहूनही जास्त. हे तो फोटो दोन बोटांनी मोठा करून छताजवळची रेघ बघत बसले. कुणाच्या हातची ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

राहिलं आमचं घर. फेरतपासणीला चार दिवस उरले. तीन उरले. मी विचारलं की म्हणायचे, उद्या. फडकं घ्यायचे, भिंतीपुढे उभे राहायचे, परत ठेवायचे. शेवटचा दिवस आला. मी पाळीवरून आले, तर हे स्वयंपाकघरात त्या पिवळ्या भिंतीसमोर स्टुलावर बसलेले, आणि शेगडीवर चहाचं काळं पाणी निवून गेलेलं.

"अहो, उद्या ती तपासणीवाली बाई येणार."

"माहितीय."

"मग?"

"माझा हात नाही होत गं."

माझं डोकंच फिरलं. सव्वीस वर्षं, ती हिरवी पट्टी, पिवळी पट्टी, ती मेली जांभळीसुद्धा, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी भांडं उचललं आणि होतं नव्हतं तेवढं सगळं पाणी भिंतीवर फेकलं. फाडकन. वरपासून खालपर्यंत ओघळ. त्या भिंतीवर मीही घास घास घासलेलं होतं हो, मलाही जीव होता. भांडं हातात धरून मी उभी, आणि रडू काही थांबेना.

हे उठले. मला वाटलं, आता आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडणार. त्यांनी माझ्या हातातून भांडं घेतलं, ओघळाकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, "असं नाही. असं कुणालाही खोटं वाटेल. ओल वरून येत नाही, खालून चढते." मग फडकं भिजवलं. "तू मीठ दे."

आम्ही दोघांनी मिळून बिघडवली ती. हे टिपत होते, मी मीठ लावत होते. छताजवळच्या रेघेपाशी आले तेव्हा पत्ती धरलेला हात थांबला. मी म्हटलं, "ती राहू दे." हे म्हणाले, "नाही, तिलाच जास्त मार्क असणार." आणि श्वास रोखला, रेघ ओढताना रोखायचे तसाच, आणि उचकटली. मी विचारलं, "मालकाला विचारलंत का?" थोडं हसावं म्हणून. हे म्हणाले, "विचारलं. त्याची बोटभर भिंत आहे, तो हो म्हणाला."

दुसऱ्या दिवशी तीच बाई आली, गुडघ्याचा पट्टा तोच. दारातच थबकली. मग भिंतीजवळ गेली, बोट लावलं, बोटाचा वास घेतला, आणि ह्यांच्या हातांकडे बघितलं. नखं तपकिरी. माझा जीव टांगणीला.  मग तिने टॅब उचलला आणि फोटो काढले, चारी कोपऱ्यांतून.

"किती पडतील?" ह्यांना राहवलं नाहीच!

"ते मशीन ठरवतं," ती म्हणाली. दाराशी वळली. "जिना जपून उतरायला हवा मला. तुम्हीही गुडघ्यांना जपा."

एकतीस पडले. सहा टक्के वाढ, घर राहिलं. ड्रायव्हरचंही राहिलं. माझा जीव भांड्यात पडला. ह्यांनी मात्र पत्र वाचून तोंड वाकडं केलं, "एकतीस? एवढी चांगली ओल, वीसच्या खाली यायला हवे होते." मला वाटलं, चला, माणूस सुधारला नाही, म्हणजे सगळं ठीक आहे.

पण ठीक नव्हतं. फोटो कधीही काढायला येतील, दर करारापूर्वी, अचानक. म्हणजे ती भिंत आता तशीच राहणार. रंगाऱ्याच्या घरात पोपडे, आणि त्याने ते बघत जेवायचं. हे ताट घेऊन भिंतीकडे पाठ करून बसायला लागले. ब्रश धुवून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले. गेल्या आठवड्यात छातीसाठी डॉक्टरांकडे गेलो. हे खुर्चीत बसले, दोन्ही हात मांडीवर. भिंतीकडे नजर नाही की काही नाही. शेवटी डॉक्टरांनीच विचारलं, "काय, आज आमची भिंत कशी आहे?"

"चांगली आहे," हे म्हणाले.

बस, एवढंच. मला दवाखान्यातच रडू कोसळलं. डॉक्टरांना वाटलं रिपोर्टमुळे.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली. लाकडी कपाटातलं सगळं बाहेर काढलं, कपडे, चादरी, मुलीच्या लग्नातली साडी, ती जाडजूड कागदांची पेटी, सगळं पलंगावर. माळ्यावरून ब्रश काढले. मग हाक मारली.

"अहो, हे आतून रंगवून द्या."

हे दारात उभे. "कपाटाच्या आत? आत कोण बघणार?"

"कुणी नाही. म्हणूनच."

"पण..." जुनी सवय, तोंडातून निघालंच, "मालकाला विचारलंस?"

"कपाट आपलं आहे. मी माझ्या पहिल्या पगारातून घेतलंय. मालकीण मी. आणि मला लांबी भरून, घासून, दोन हात हवेत. तोच पिवळा."

हे पुढे आले, वाकले, आणि रिकाम्या कपाटात डोकं घातलं. आतल्या फळीवरून हात फिरवला. मग बोटाच्या पेराने टकटक केली, आणि कान लावला.

"हिच्या आत कधी पाणी शिरलं होतं का गं?"

"शिरलं होतं. वरचा नळ फुटला होता तेव्हा."

"मग आधी सगळं खरवडायला लागेल," हे म्हणाले, आणि बाह्या दुमडायला लागले.